मिनारा मशिदीच्या गल्लीतून घरच्या तव्यापर्यंत

आपल्या वस्तीत रविवार म्हटला की मटण किंवा कोंबडी ठरलेली. आठवडाभर कामावर राबणारा माणूस त्या दिवशी घरी असतो, मुलांना शाळा नसते, आणि चार घरांतून एकाच वेळी खोबरे-कांदा भाजल्याचा वास येतो. कोंबडीचा आपण रस्सा करतो, कारण रस्सा पुरतो. एक किलोत दोन तांबे पाणी वाढवले की अचानक आलेला पाहुणाही जेवून जातो. आपल्या आयाबहिणींचे हे हिशोबाचे शहाणपण आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

पण अलीकडे घरोघरी मुले कबाब मागू लागली आहेत. नाक्यावर टिक्क्याची गाडी लागते, धूर वर चढतो आणि मुलांचा अभ्यास तिथेच थांबतो. एका प्लेटमध्ये चार-सहा तुकडे. पाच माणसांच्या घराने एकेक प्लेट घ्यायची म्हटली तर आठवड्याच्या बाजारातले पैसे त्यात जातात. मग एकच प्लेट येते, ती मुलांत वाटली जाते, आणि आईच्या वाट्याला कांदा-लिंबू उरते. म्हणून आम्ही घरच्यांनी ठरवले की जिथे कबाब रोज शेकड्यांनी भाजले जातात, त्या गल्लीत जाऊन नुसते खायचे नाही, नीट पाहायचे. पाहून घरी करायचे. त्या फेरीचा आणि नंतरच्या आमच्या रविवारांचा हा वृत्तांत वाचकांसमोर ठेवत आहोत.

गल्लीत

आम्ही करी रोडहून धीम्या गाडीने निघालो. चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि चौथे मशीद. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, हे लक्षात ठेवावे. पश्चिमेकडे उतरल्यावर हमालांच्या हातगाड्या, धान्याची पोती, सुतळीची बंडले आणि मसाल्याच्या वखारी यांतून वाट काढत चालायचे. वाटेत युसुफ मेहेरअली यांच्या नावाचा रस्ता लागतो. हे मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. तो ओलांडून पुढे गेले की महंमद अली रोड. रस्त्याला नाव आहे मौलाना महंमद अली जौहर यांचे.

या रस्त्याच्या डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल गेला आहे. २००२ साली तो खुला झाला. माहीमच्या दर्ग्यातील संत मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला दिले आहे, त्यांना कोकणचा कुतुब म्हणतात. पुलावरून मोटारी अडीच-एक किलोमीटर न थांबता धावतात आणि त्यांतल्या माणसांना खालची गल्ली दिसतही नाही. खालून पायी जाणाऱ्यालाच ती भेटते. मिनारा मशिदीचे हिरव्या दिव्यांनी उजळलेले मिनार दिसले की वाट चुकलेली नाही असे समजावे.

आम्ही तिथे दोनदा गेलो. एकदा रमजानच्या महिन्यात. तेव्हा सूर्यास्तानंतर, रोजा सुटला की गल्ली भरते, आणि रात्र चढेल तशी गर्दी वाढत जाते. मालपुवे तळले जातात, मातीच्या परळांत फिरनी मांडलेली असते, नल्ली निहारीची पातेली उघडतात, बैदा रोटी तव्यावर फुगते. त्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलाचा हात सोडू नये. खाणे झाले, पाहणे झाले नाही. म्हणून रमजान संपल्यावर महिन्याभराने एका शनिवारी संध्याकाळी पुन्हा गेलो. तेव्हा गाड्या कमी होत्या, पण कारागिरांना बोलायला सवड होती.

एका शेगडीसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. शेगडी म्हणजे लोखंडी पत्र्याची लांबट पेटी, रुंदी वीतभर. शीग दोन्ही काठांवर टेकते आणि मधला भाग निखाऱ्यावर अधांतरी राहतो. ज्वाळा कुठेच नव्हती. कोळसा पेटून त्याच्यावर राखेची पांढरी साय धरल्यावरच शिगा वर चढत होत्या. चरबीचा थेंब पडून जाळ उठला की कारागीर शीग उचलून बाजूला घेई आणि जाळ बसला की पुन्हा ठेवी.

आमच्या घरातल्या आत्याबाईंनी विचारले, "चाचा, मसाला कोणता घालता?"

त्यांनी हसून उत्तर दिले, "बहनजी, मसाला तो सब के पास एकही है. पानी निकालो, पानी!"

त्यांनी बोट दाखवले तिकडे दह्याचे गाठोडे टांगलेले होते आणि खालच्या पातेल्यात निवळ टपकत होती. पलीकडे एक जण किसलेला कांदा फडक्यात पिळत होता. कापलेली कोंबडी चाळणीत निथळत होती. आपण घरी ज्याला मसाल्याची करामत समजतो, तिचा अर्धा भाग म्हणजे पाणी काढणे आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसले.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. त्या शेगडीवर चार माणसे होती. एक तुकडे शिगेत ओवत होता, एक पंख्याने वारा घालत शिगा फिरवत होता, एक कांदा-चटणी लावून प्लेटा देत होता, एक पैसे घेत होता. दर थोड्या वेळाने ते जागा बदलत. भाजणारा मागे येऊन पाणी पिई, दोन कबाब रोटीत गुंडाळून खाई आणि ओवायला बसे. ओवणारा पुढे जाई. निखाऱ्यासमोर एकच माणूस सबंध संध्याकाळ उभा राहत नव्हता. हेच काम आपल्या घरी होते तेव्हा ओवणारी, भाजणारी, वाढणारी आणि भांडी घासणारी बाई एकच असते.

आमच्या बाकावर रत्नागिरीकडच्या एक वयस्कर बाई आपल्या सुना-नातवंडांसह बसल्या होत्या. बोलणे मराठीतच चालले होते. आम्ही प्लेट मुलांपुढे सरकवून थांबलो होतो, ते पाहून त्या म्हणाल्या, "ताई, गरम आहे तोवर खा. कबाब कोणाची वाट बघत नाही." मग आपल्या घरचे सांगू लागल्या. "आमच्यात रोजा सोडायला सगळे एकदम बसतात. वेळ झाली की झाली. मग जिने दिवसभर उपास धरून रांधले, तिला चुलीपाशी उभी ठेवून कसे चालेल?"

हे वाक्य आम्ही मसाल्याच्या यादीत सर्वांत वर लिहून घेतले.

हा पदार्थ कुठला

कबाब हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. सीख म्हणजे फारसीत सळई. आपण तिलाच शीग म्हणतो. सोळाव्या शतकात अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांची यादी दिली, तीत कबाब आहे. त्यात मांस, तूप, आले, कांदा, जिरे, मिरी, वेलची, लवंग असे जिन्नस सांगितले आहेत. मिरचीचे नाव नाही. कारण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात इकडे आणली आणि सगळीकडे पसरायला वेळ लागला. मांस मऊ करायला वापरतात ती पपईसुद्धा त्याच खंडातून आली. तेव्हा आज आपण ज्याला अस्सल कबाब म्हणतो, तो अनेक देशांच्या जिनसांनी बनलेला आहे.

आणि निखाऱ्यावर मांस भाजणे ही काही केवळ बादशहाची मिरास नव्हे. आपल्या आजी-आजोबांना विचारा. गावाकडे काळजाचा तुकडा मीठ लावून चुलीतल्या आरावर टाकायचा आणि राख झटकून खायचा, हे त्यांनी पाहिलेले असते. तेल परवडत नव्हते, म्हणून भाजणे होते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यपरंपरेची नोंद केली. त्याआधी पाककृतींच्या पुस्तकांत आपल्या चुलीला क्वचितच जागा मिळाली. तेव्हा घरी कबाब करताना आपण परक्याची उसनवारी करतो असे मानायचे कारण नाही. भाजण्याची विद्या आपल्याही घरात आहे. तिला थोडी घडी घालून द्यायची आहे.

पूर्वी कोंबडी ही चैन होती. गावठी कोंबडी पाहुण्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी कापली जाई. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे महाराष्ट्रात आणि दक्षिणेत ब्रॉयलर कोंबडीचा धंदा वाढला आणि सहा-सात आठवड्यांत तयार होणारी कोंबडी सामान्य माणसाच्या पिशवीत आली. आज बोकडाच्या मटणापेक्षा ती पुष्कळच स्वस्त पडते. कबाबाच्या दृष्टीने सांगायचे तर ब्रॉयलरचे मांस मुळातच कोवळे असते. त्याला पपई लागत नाही. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचे द्रव्य असते, ते मांसाचे धागे तोडते; ब्रॉयलरला लावून रात्रभर ठेवले तर तुकडा पिठासारखा होतो. गावठी कोंबडी असेल तर अर्धा किलोला एक लहान चमचा वाटलेली पपई, तीही अर्धा तासच.

बाजार

मिरचीसाठी आम्ही लालबागची वाट धरली. गिरणगावातील आपल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात वर्षाचा मसाला तिथूनच कुटून आणतात. कबाबाला ब्याडगी मिरची चांगली. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावावरून तिचे नाव पडले. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा, त्यामुळे लहान मुलेही खातात. लवंगी इथे नको. घरचा वर्षाचा मसाला घातला तरी हरकत नाही, कबाबाला आपल्या घरची चव येईल.

कोंबडीवाल्याकडून छातीचे मांस न घेता मांडीचे, हाड काढलेले मांस घ्यावे. छातीचे मांस कोरडे पडते. मांडीत थोडी चरबी असते, ती भाजताना तुकडा ओला ठेवते. शिगा घ्यायच्या असतील तर चपट्या घ्याव्यात. गोल शिगेवर तुकडा भोवतालीच फिरतो आणि एकच बाजू करपते. शिगा नसल्या तरी अडत नाही, बिडाचा तवा पुरतो.

तव्यावरचा टिक्का

पाच माणसांसाठी पाऊण किलो मांडीचे मांस. इंचभराचे तुकडे करावेत, तीसएक निघतात. माणशी सहा झाले.

पहिले मुरवण असे. तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावेत. त्यांना दीड लहान चमचा मीठ, दोन लहान चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण आणि दोन लहान चमचे ब्याडगीची पूड चोळून अर्धा तास ठेवावे. मीठ आधी का, तर ते आत शिरायला वेळ लागतो आणि दह्यात मिसळल्यावर त्याचा जोर कमी होतो. सुटलेले पाणी ओतून टाकावे.

दुसरे मुरवण असे. पाव किलोहून थोडे जास्त दही फडक्यात बांधून दोन तास टांगावे. निम्मा चक्का राहतो. त्यात दोन मोठे चमचे मंद भाजलेले बेसन, दोन मोठे चमचे गोडेतेल, एकेक लहान चमचा धणेपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि गरम मसाला, अर्धा चमचा मिरपूड, आणि चुरलेली कसुरी मेथी घालावी. बेसन भाजलेलेच हवे, कच्चे राहिले तर तोंडाला पिठूळ लागते. हे तुकड्यांना लावून फ्रीजमध्ये चार तास ठेवावे. शनिवारी रात्री लावून रविवारी सकाळी भाजले तरी चालते. घरी फ्रीज नसेल तर दुसरे मुरवण अर्धा तास पुरे, मग लगेच भाजावे. मुंबईच्या उकाड्यात कच्ची कोंबडी तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

आता भाजणे. तवा चांगला तापू द्यावा, तेलाचा हात फिरवावा आणि एका वेळी आठ-दहाच तुकडे, एकमेकांना न लागता मांडावेत. इथे घाई नडते. सगळे तुकडे एकदम टाकले की तवा थंड पडतो, पाणी सुटते आणि कबाबाऐवजी उकडलेली कोंबडी होते. कारण साधे आहे. तुकड्यावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग तर साधारण १४० अंशांच्या पुढेच धरतो. चाचांचे "पानी निकालो" म्हणजे हेच शास्त्र. प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे, एकूण दहा-बारा मिनिटे. सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी दिसू नये, रस निवळ निघावा.

कीम्याचा कबाब

हा आणखी पुरवठ्याचा. अर्धा किलो मांडीचा कीमा कोंबडीवाल्याकडूनच काढून घ्यावा. दोन मध्यम कांदे किसून घट्ट पिळावेत. पिळलेले पाणी रश्श्याला वापरावे, फेकू नये. कीम्यात तो कांदा, मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, तीन-चार हिरव्या मिरच्या, एक मोठा चमचा आले-लसूण, तीन मोठे चमचे डाळ्याचे पीठ, एक मोठा चमचा तूप, एक लहान चमचा मीठ आणि गरम मसाला घालून पाच मिनिटे कणकेसारखे मळावे. मळता मळता कीमा बोटांना चिकटू लागतो. मीठ आणि मळणे यांनी मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन सुटते आणि तेच सगळे बांधून ठेवते. अंड्याची गरज नाही. अर्धा तास गार ठेवून, पाण्याच्या हाताने लांबट आकार द्यावा आणि मध्यम आचेवर फिरवत भाजावे. आधी एक लहान गोळी भाजून मिठाची चव पाहावी. कच्चा कीमा चाखू नये.

निखाऱ्याचा वास हवा असेल तर भाजलेले कबाब पातेल्यात ठेवून मधे स्टीलच्या वाटीत कोळशाचा एकच लाल निखारा ठेवावा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि दोन-तीन मिनिटे झाकण लावावे. खिडकी-दार उघडे ठेवावे आणि काम झाल्यावर निखारा पाण्यात विझवावा.

जोडीला कोथिंबीर-पुदिन्याची दह्यातली चटणी, कांद्याच्या चकत्या, लिंबू. पाव घ्या, चपाती घ्या. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर कबाब किती चांगला लागतो हे खाल्ल्यावरच कळेल. दोन उरले तर फ्रीजमध्ये ठेवावेत आणि सोमवारी सकाळी चांगले गरम करून चपातीत गुंडाळावेत, डब्याचा प्रश्न मिटतो.

सांभाळण्याच्या गोष्टी

पहिली आणि जिवाची गोष्ट. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. चाळीच्या उघड्या गॅलरीत शेगडी पेटवायची आपल्याला सवय होती. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. भेंडी बाजारातही जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उठल्या आहेत. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःचा संडास असलेले घर ही चांगलीच गोष्ट; पण दार लावून घेण्याच्या घरात शेगडीची जुनी सवय नेऊ नये. तिथे गॅस आणि तवा हेच बरे. रात्री उबेसाठी उरलेले निखारे घरात ठेवणे तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट, कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कोंबडीवरचे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू त्याबरोबर पसरतात. धुण्याने ते मरत नाहीत. आतपर्यंत ७४ अंश उष्णता पोहोचली की मरतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे आणि मोरी लगेच साबणाने घासावी. सुरी आणि पाट कच्च्या मांसाला वेगळे ठेवावेत. कच्चे तुकडे होते त्या ताटात भाजलेले कबाब काढू नयेत. उरलेले मुरवण चटणीत मिसळू नये. करपलेला काळा भाग काढून टाकावा.

पहिला कबाब कोणाचा

एवढे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो. रस्सा झाकून ठेवता येतो, पुन्हा गरम करता येतो. सर्वांना वाढून झाल्यावर बाई पातेल्यातला खालचा रस्सा घेऊन बसते आणि आपण म्हणतो, तिलाही मिळाले. कबाबाचे तसे नाही. तो तव्यावरून उतरला की पाच-सात मिनिटांचा धनी. मग घट्ट होतो. तीस तुकड्यांचे तीन-चार घाणे होतात आणि मुरवून झाल्यावर त्यांना पाऊण तास लागतो. म्हणजे पाऊण तास एक बाई तव्यासमोर उभी आणि चार माणसे गरम खाणार, आणि शेवटी ती थंड तुकडा घेऊन बसणार. असा कबाब घरी होण्यापेक्षा न झालेला बरा.

आमच्या घरी आता गल्लीतल्या माणसांसारखी पाळी लागते. शनिवारी रात्री मुरवण लावणे घरच्या कर्त्या पुरुषाचे. दही टांगणे, कांदा पिळणे मुलांचे. पिळायला त्यांना मजाच वाटते. पहिला घाणा भाजते आई, कारण तवा तिच्या हाताला कळतो. आणि त्या घाण्यातला पहिला तुकडा तिचाच, तव्यासमोर उभ्या उभ्याच. त्यावरून मीठ-तिखट कळते, हेही एक काम झाले. दुसरा घाणा वडिलांचा. तिसरा थोरल्याचा. तव्यावर असेल त्याला बाकीच्यांनी भरवायचे, हा नियम धाकटीने केला आहे आणि तो मोडता येत नाही. भांडी ज्याचा घाणा करपेल त्याने घासायची. त्यामुळे सगळेच आचेकडे नीट लक्ष देतात.

सुरुवातीला शेजारून थट्टा झाली. "काय, आज साहेब तव्यावर?" म्हणून दारातून डोकावणारे होते. पण वास सगळ्यांच्या घरात जातो. तीन-चार रविवारांनी त्यांतल्याच एकाने मुरवणाचे प्रमाण कागदावर लिहून नेले. त्याच्या घरी तवा कोण धरतो हे आम्ही विचारले नाही, पण त्याच्या दाराशी त्या दिवशी तीन जणांचे हसणे ऐकू येत होते आणि त्यात त्याच्या बायकोचे सर्वांत मोठे होते.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, सवड काढून एकदा ती गल्ली पाहून या. करी रोडहून चौथे स्थानक. कोणाच्या बाकावर जागा मागा, कोणी नाव-गाव विचारून उठवत नाही. शेगडीसमोर दहा मिनिटे उभे राहा आणि माणसे जागा कशा बदलतात ते पाहा. परत येताना लालबागहून पाव किलो ब्याडगी आणा. आणि रविवारी कबाब भाजायला घ्याल तेव्हा आधी ठरवा, दुसरा घाणा कोणाचा.